संदेश गटातल्या व्हर्सला लेखनाचे गुण का नाहीत? रॅप-लेखन स्पर्धेच्या आयोजकांना आणि परीक्षकांना खुलं पत्र

आयोजक आणि परीक्षक मंडळींना नमस्कार,

तुमच्या रॅप-लेखन स्पर्धेत मी सलग चार वर्षं एन्ट्री पाठवतेय. पहिल्या वर्षी पहिल्याच फेरीत बाहेर पडले, दुसऱ्या वर्षी पण तेच, तिसऱ्या वर्षी शेवटच्या दहात आले, आणि त्या तिन्ही वर्षी तुम्ही माझ्या लिखाणावर दिलेले शेरे मी जपून ठेवलेत. "सहाव्या बारला श्वास कुठे घेणार आहेस?" (बार म्हणजे रॅपची एक ओळ) हा शेरा तर माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर उतरवून ठेवलाय, कारण तोपर्यंत मला कुणी सांगितलंच नव्हतं की कागदावर बसलेली ओळ तोंडात बसेलच असं नाही. म्हणजे तुमच्याशी माझं वैर नाही. मला जे काही थोडंफार लिहिता येतं त्यात तुमचा वाटा आहे आणि म्हणूनच या वेळी गप्प बसवत नाहीये.

या वर्षी तुम्ही नियम बदललात. राजकीय किंवा सामाजिक आशयाच्या सगळ्या एन्ट्री 'संदेश' नावाच्या वेगळ्या गटात जाणार, त्या गटात फक्त आशय आणि परिणाम यांचे गुण मिळणार, आणि 'उत्कृष्ट गीतलेखन' हा पुरस्कार फक्त मुख्य गटातल्यांना. मी नियम वाचला होता पण खरं सांगते, आपली एन्ट्री त्यात जाईल असं मला वाटलंच नव्हतं. मग गुणपत्रक आलं. आशय ९, परिणाम ८. त्याच्या खाली राइम (यमक), फ्लो (शब्द तालावर कसे वाहतात ते), रचना, शब्दांची निवड असे चार रकाने आणि चारही रकान्यांत आडवी रेघ.

शून्य दिलं असतंत तर मी हे पत्र लिहिलं नसतं. शून्य म्हणजे कुणीतरी वाचलं आणि नापास केलं. रेघ म्हणजे वाचायची गरजच वाटली नाही.

आता मी पाठवलेली व्हर्स, म्हणजे रॅपचं कडवं, कशी झाली ते सांगते, त्याशिवाय माझं म्हणणं कळणार नाही. माझा बाबा वॉचमन आहे, रात्रपाळी, बारा तास, कंत्राटदारामार्फत. सही पूर्ण पगारावर घेतात आणि हातात कमी देतात, आणि हे इतकी वर्षं चाललंय की घरात त्यावर कुणी बोलत पण नाही. मी जेव्हा पहिल्यांदा यावर लिहायला बसले तेव्हा वीस मिनिटांत सोळा बार झाले आणि त्याची सुरुवात अशी होती:

कंत्राटदार चोर आहे, कायदा कमजोर आहे,
गरिबाच्या नशिबी फक्त अंधार घनघोर आहे.

हे स्टेजवर टाळ्या घेतं. मला माहितीये, मी असल्या ओळींवर टाळ्या घेतल्यात. पण घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं की लक्षात येतं की यात बाबा कुठेच नाहीये. यातला कंत्राटदार कुणीही असू शकतो, गरीब कुणीही असू शकतो, आणि 'आहे'वर संपणारी ओळ लिहायला तर मराठीत काहीच कष्ट लागत नाहीत, आपलं निम्मं बोलणंच 'आहे'वर संपतं. मग मी ते सगळं फेकून दिलं आणि अडीच महिने घालवून जे लिहिलं त्यातल्या चार ओळी या:

सही पुऱ्या पगारावर, पाकिटात अर्धा,
'चालतंय गं' म्हणतो बाबा, ओढून घेतो पडदा,
पडद्याआड बोटं चालती, मोजून होतं तीनदा,
तीनदा तेच उत्तर, तरी मोजतो चौथ्यांदा.

दुसरी ओळ 'पडदा'वर संपते आणि तिसरी तिथूनच सुरू होते, तिसरी 'तीनदा'वर संपते आणि चौथी तिथूनच सुरू होते. मला ती मोजणी आवाजात हवी होती, माणूस पैसे परत मोजायला घेतो तेव्हा शेवटच्या नोटेवरून पुन्हा पहिल्या नोटेवर येतो ना, तशी. 'उत्तर' म्हटल्यावर मी अर्धा ठोका रिकामा सोडलाय आणि मग 'तरी' येतं, तिथे बीट एकटी वाजते. 'अर्धा' आणि 'पडदा' हे यमक चोख नाहीये, कानाला जरा खरखरतं, आणि ते मी ठेवलंय कारण तिथे सगळं व्यवस्थित जुळलेलं मला नको होतं. हा निर्णय चुकीचा असू शकतो. त्याच्यासाठी तर परीक्षक लागतात! मला कुणीतरी सांगायला हवं होतं की ही खरखर चालतेय की नुसता आळस वाटतोय. तुम्ही तिथे रेघ ओढलीत.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार अशी की राजकीय म्हणजे काय हे नियमात कुठेच लिहिलेलं नाही, ते एन्ट्री आल्यावर तुमच्यातलंच कुणीतरी वाचून ठरवतं. माझ्या व्हर्समध्ये सरकार नाही, पक्ष नाही, नेता नाही, 'शोषण' हा शब्दसुद्धा नाही. एक माणूस पडद्यामागे पैसे मोजतोय. हे राजकीय असेल तर मुख्य गटातल्या अर्ध्या एन्ट्री राजकीय आहेत, कारण 'मी शून्यातून वर आलो, आता बघा माझी गाडी' यात शून्य कुठून आलं हा प्रश्न असतोच. अमेरिकन रॅपर नासचा १९९४ चा पहिला अल्बम घ्या, 'इलमॅटिक', त्यात एक आख्खं गाणं तुरुंगातल्या मित्राला लिहिलेल्या पत्रांसारखं आहे, बाहेर काय चाललंय, तुझ्या मुलाचं काय, कोण कुणाशी कसं वागतंय. ते तुम्ही कुठल्या गटात टाकाल? मित्राची आठवण म्हणून मुख्य गटात की तुरुंग आला म्हणून संदेश गटात? रॅप ज्यातून आलं त्या हिप-हॉपची सुरुवात म्हणून जी तारीख सगळे सांगतात ती ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली डीजे कूल हर्कची पार्टी, तिथे कुणी भाषण द्यायला जमलं नव्हतं, नाचायला जमले होते. पण ज्या वस्तीकडे शहराने पाठ फिरवली होती तिथल्या पोरांनी बिल्डिंगच्या कॉमन रूममध्ये स्वतःची जागा तयार केली, आता यातून राजकारण वेगळं काढून दाखवा. नाचणं कुठे संपतं आणि म्हणणं कुठे सुरू होतं याची रेषा पन्नास वर्षांत कुणाला ओढता आलेली नाही, आणि तुम्ही ती एका नियमात ओढलीत.

दुसरी तक्रार सगळ्यात मोठी आहे आणि तिच्यावर मी जरा वेळ घेणार आहे. तुमच्या नियमाचा अर्थ असा होतो की राजकीय गाण्याला लेखनकौशल्य लागत नाही, खरं बोललं की झालं. हे साफ चुकीचं आहे आणि हिप-हॉपचा इतिहास पानोपानी हेच सांगतो.

'द मेसेज' हे गाणं बघा. १९८२. ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह या ग्रुपच्या नावावर आहे, पण गाण्यात मुख्य आवाज दोघांचेच, मेली मेल आणि ड्यूक बूटी, आणि ग्रुपला तर हे गाणं करायचंच नव्हतं कारण पार्टीत लोक घरच्या कटकटी ऐकायला येत नाहीत असं त्यांचं मत होतं. पुढे २००२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या रेकॉर्डिंगची पहिली यादी केली त्यात हे गाणं होतं. आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ऐका. शेवटी एका मुलाच्या जन्मापासून तुरुंगातल्या मरणापर्यंतची जी व्हर्स आहे, जी ऐकून आजही घसा दाटतो, ती त्या गाण्यासाठी लिहिलेलीच नव्हती. मेली मेलने ती १९७९ मध्येच ग्रुपच्या एका पार्टीच्या गाण्यात म्हटली होती. वेगवान बीट, सगळ्यांची आलटून पालटून धमाल, आणि त्या गर्दीत ती व्हर्स येऊन गेली. तीन वर्षांनी तीच संथ बीटवर आली, आजूबाजूला मोकळी जागा ठेवून, आधीच्या व्हर्सेसनी फुटक्या काचा, वास आणि आवाज दाखवून झाल्यावर आली, आणि तिने लोकांना हलवून सोडलं. आशय तोच होता. तुमच्या संदेश गटात दोन्ही वेळा सारखेच गुण पडले असते. फरक पडला तो वेगाने, जागेने, क्रमाने, म्हणजे तुमच्या पत्रकात जिथे रेघ आहे नेमक्या त्याच गोष्टींनी.

किंवा रॅपर टुपाकचं 'ब्रेंडाज गॉट अ बेबी', १९९१. बारा वर्षांच्या मुलीने बाळाला जन्म देऊन कचऱ्यात टाकल्याची बातमी त्याने पेपरात वाचली होती आणि त्यावरून ते लिहिलं. वीस वर्षांचा मुलगा होता तो. दुसरा कुणी असता तर समाजाला चार शिव्या घातल्या असत्या, त्याने एक लांबलचक अखंड व्हर्स लिहिली, मध्ये हुक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, नाही, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही, कारण ब्रेंडाला पण कुठे थांबायला जागा मिळत नाही. तुम्हीच मला शिकवलंत की हुक कधी टाळायचा हे कळणं ही पण रचना आहे. मग ते लागू नाही कसं?

रॅपर क्वीन लतीफाहचं 'युनिटी' १९९३ चं आहे, ग्रॅमी मिळाली त्याला. ते मी शाळेत असताना पहिल्यांदा ऐकलं आणि त्यात ती रस्त्यावरून चालली असताना मागून कुणीतरी अंगाला हात लावतो, ती वळते, आणि पुढे काय होतं ते सांगते. प्रसंगच. स्त्रियांचा सन्मान करा असं ती नुसतं म्हणाली असती तर मला काहीच वाटलं नसतं, ते आम्हाला शाळेत पण सांगायचे. ती वळली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, कारण मी कधी वळले नव्हते.

आणि रॅपर केंड्रिक लमार, त्याच्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. २०१५ च्या 'टू पिंप अ बटरफ्लाय' या अल्बममध्ये एक कविता तुकड्यातुकड्याने येते, दर वेळी आधीच्यापेक्षा थोडी पुढे जाते, आणि शेवटच्या गाण्यात कळतं की तो ती टुपाकला वाचून दाखवतोय, जो १९९६ मध्येच गेलाय आणि ज्याचा आवाज १९९४ च्या एका मुलाखतीतून घेतलाय. त्याच अल्बमवर एक गाणं आहे ज्यात तो प्रत्येक व्हर्सच्या सुरुवातीला स्वतःला वर्षातला सगळ्यात मोठा ढोंगी म्हणतो आणि का ते सांगत नाही. ऐकणारा तीन व्हर्स त्याच्या बाजूने चिडत जातो, वंशभेदावर तो जे बोलतो त्याला हो हो म्हणत जातो, आणि अगदी शेवटच्या ओळीत ढोंग कुठलं ते उघडं होतं आणि आपण इतका वेळ कशाला हो म्हणत होतो ते पुन्हा तपासावं लागतं. त्या शेवटच्या ओळीशी सगळे सहमत नव्हते, भरपूर वाद झाला, व्हायलाच हवा होता. पण ती ओळ पहिल्या व्हर्समध्ये आली असती तर वाद झालाच नसता, लोकांनी गाणं बंद केलं असतं. कुठली गोष्ट किती वेळ दाबून ठेवायची, हे लेखनकौशल्य नाही तर काय आहे? २०१८ मध्ये त्याला पुढच्या अल्बमसाठी संगीताचं पुलित्झर मिळालं, शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर पहिल्यांदाच.

मला माहितीये तुम्ही काय म्हणाल. तुम्ही म्हणाल की ही सगळी मोठी नावं झाली, आमच्याकडे येणाऱ्या राजकीय एन्ट्रीत नुसत्या घोषणा असतात. आणि हे खरं आहे. मागच्या वर्षी शेवटच्या फेरीत एका एन्ट्रीत 'क्रांती', 'शांती' आणि 'भ्रांती' यांच्यापलीकडे काही नव्हतं आणि तरी ती वर आली, कारण विषय असा होता की कमी गुण द्यायला परीक्षकांना संकोच वाटला असणार. जो पोरगा सहा महिने तीन-तीन अक्षरांची यमकं जुळवत बसला होता तो मागे पडला. त्याच्यावर अन्याय झाला आणि त्यावरच उपाय म्हणून हा नियम आला असेल असा माझा अंदाज आहे. पण बघा ना, उपाय नेमका उलटा केलात. घोषणेला घोषणा म्हणून कमी गुण द्यायचं धाडस करायचं सोडून तुम्ही घोषणेसाठी वेगळी खोली बांधलीत, आणि मग जो कुणी विषयाला हात लावेल त्याला त्याच खोलीत ढकललंत. घोषणेला पण जागा असते हो. पब्लिक एनिमी या ग्रुपचं 'फाइट द पॉवर' स्पाइक लीच्या चित्रपटासाठी १९८९ मध्ये आलं, त्यात हुक म्हणजे सरळ घोषणाच आहे, तीन शब्द, आणि ते शब्दसुद्धा आयझ्ले ब्रदर्सच्या १९७५ च्या गाण्यातून आलेले. पण घोषणा हुकमध्ये आहे, सगळ्यांनी मिळून ओरडायच्या जागी. व्हर्समध्ये ग्रुपचा मुख्य रॅपर चक डी नावं घेऊन बोलतो, ठोसे मारल्यासारखे तुटक शब्द, आणि मधे त्याचा साथीदार फ्लेवर फ्लेव्ह त्याला टोचत राहतो म्हणून ते प्रवचन होत नाही. घोषणा कुठे ठेवायची हे ज्याला कळतं त्याला गुण द्या, ज्याला कळत नाही त्याचे कापा. तेवढंच तर काम आहे.

तिसरी तक्रार थोडक्यात, पण ती मुख्य गटातल्या मित्रमैत्रिणींच्या वतीने आहे. या नियमाने तुम्ही त्यांना पण सांगितलंत की कौशल्य म्हणजे काही न म्हणता केलेली करामत. बढाई मारणं, पंचलाइन, शब्दांचे खेळ, हे सगळं मला मनापासून आवडतं. १९८६-८७ च्या सुमारास रॅपर रकिमने ओळीच्या पोटात यमकं पेरली आणि ओळ जिथे संपते तिथे वाक्य संपवायचं सोडून दिलं, सॅक्सोफोन वाजवणारा आणि जॅझमधल्या कोल्ट्रेनला ऐकणारा मुलगा होता तो, आणि त्यानंतर प्रत्येकाचं लिखाण बदललं, राजकीय लिहिणाऱ्यांचं पण. एकाच विहिरीचं पाणी आहे हे. २००३ मध्ये रॅपर जे-झीने स्वतःच गाण्यात कबूल केलं की पैशासाठी त्याने लिखाण सोपं केलं, आणि कौशल्य विकलं गेलं असतं तर आपण कदाचित तालिब क्वेलीसारखं लिहिलं असतं. क्वेली म्हणजे कोण, ज्याला सगळे विचारी, राजकीय रॅपर म्हणून ओळखतात तो. म्हणजे बाजारात सगळ्यात वर बसलेल्या माणसाला कौशल्याचं उदाहरण द्यायचं झालं तेव्हा त्याच्या तोंडी नाव आलं ते तुमच्या संदेश गटातल्याचं!

चौथी तक्रार जरा गंभीर आहे, नीट वाचा. अमेरिकेत रॅपच्या ओळी कोर्टात पुरावा म्हणून वाचून दाखवल्या जातात, गाण्यातला 'मी' म्हणजे आरोपीच असं धरून. त्याला आळा घालायला कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा केला. त्याच वर्षी इराणमध्ये तूमाज सालेही या रॅपरला आंदोलनाच्या बाजूने उभं राहिल्यावर अटक झाली, एप्रिल २०२४ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली, जूनमध्ये वरच्या कोर्टाने ती रद्द केली आणि डिसेंबरमध्ये तो सुटला. जेव्हा जेव्हा गाण्याला कबुलीजबाब म्हणून वाचलं जातं तेव्हा बचाव एकच असतो, की ही रचना आहे, इथे पात्र आहे, अतिशयोक्ती आहे, 'मी' हा लिहिलेला 'मी' आहे. एन.डब्ल्यू.ए. या अमेरिकन रॅप ग्रुपचं पोलिसांवरचं १९८८ चं गाणं, ज्यावर एफबीआयच्या अधिकाऱ्याने रेकॉर्ड कंपनीला पत्र पाठवलं, ते तर कोर्टातला खटला म्हणून रचलंय, जज आहे, साक्षीदार एकेक करून येतात. आता तुमच्यासारखे हिप-हॉपवर प्रेम करणारेच जर लिहून देणार असतील की राजकीय गाण्यात रचना बघायचीच नसते, तर मग बाहेरच्यांनी ती का बघावी? तुमचा नियम कुणाला तुरुंगात पाठवत नाही हे मला कळतं. पण वाचायची सवय तीच आहे.

पाचवी. मी दर रविवारी सात-आठ नवीन मुलामुलींसोबत बसते, क्लास वगैरे काही नाही, आम्ही एकमेकांच्या व्हर्स ऐकतो, बारवर टाळी देऊन मोजतो, कुठे घसरलं ते सांगतो. त्यातली एक जण, सोळा वर्षांची, तिच्या वस्तीतल्या पाण्याच्या टँकरवर लिहीत होती आणि सुंदर चाललं होतं, टँकर येण्याआधी कळशांची जी रांग लागते तिचा आवाज तिने ओळीत पकडला होता, ट-ट-ड-ट असा. तुमचा नियम आल्यावर ती मला म्हणाली, "ताई, मग माझी पण संदेश गटातच जाईल, तिकडे राइम नाही बघत ना?" आणि तिने ती ओळ काढून त्या जागी 'पाणी हा आमचा हक्क आहे' असं लिहिलं. मी तिला काय सांगू? आशयाचे गुण तिला आता जास्तच मिळतील.

तर माझं मागणं असं आहे, आणि मी ते साध्या शब्दांत मांडते.

संदेश गट बंद करा. सगळ्या एन्ट्री एकाच गटात, एकाच गुणपत्रकावर तपासा, सहाच्या सहा रकाने सगळ्यांना. ज्याच्यात आशय नाही त्याला आशयाला कमी पडतील, ज्याच्यात लेखन नाही त्याला लेखनाला कमी पडतील.

'उत्कृष्ट गीतलेखन' पुरस्कार सगळ्यांसाठी खुला करा, याच वर्षीपासून. अंतिम फेरीला अजून वेळ आहे, जमण्यासारखं आहे.

पहिल्या फेरीच्या परीक्षकांना विषय न सांगता, 'सामाजिक', 'राजकीय' असं लेबल न लावता एन्ट्री द्या. विषय वाचताना कळेलच, पण आधीपासून मनात ग्रह धरून वाचायला नको.

घोषणेला कमी गुण दिले तर शेऱ्यात स्पष्ट लिहा की विषयाला नाही, लेखनाला कमी दिलेत. लोक चिडतील, पण शिकतील. मी अशीच शिकले.

आणि या वर्षी ज्या एन्ट्री संदेश गटात टाकल्या गेल्या त्या सगळ्यांचे चार रिकामे रकाने भरून सुधारित गुणपत्रक पाठवा. निकाल बदलला नाही तरी चालेल. माझी एन्ट्री बाद ठरवायची असेल तर तीही ठरवा, पण वाचून ठरवा.

हे शेवटचं मागणं मी एवढ्या हट्टाने का करतेय ते पण सांगते. ती व्हर्स पाठवायच्या आदल्या दिवशी मी बाबाला म्हणून दाखवली. तो ड्युटीला निघायचा होता, बूट घालत होता. पूर्ण ऐकलं, मग एका बुटाची लेस हातात धरून बराच वेळ नुसता बसला आणि म्हणाला, "चौथ्यांदा मोजतो हे तुला कसं कळलं?" बाकी काही नाही. त्याला रॅप आवडत नाही, त्यातलं काही कळत नाही, पण स्पर्धा म्हणजे मार्क असतात हे कळतं. निकाल आला त्या दिवशी त्याने विचारलं, किती पडले. मी आशय आणि परिणामाचे सांगितले. तो म्हणाला, "आणि लिहिलंस त्याचे?"

मी त्याला सांगितलं की अजून आले नाहीत.

तुमच्या स्पर्धेतली एक स्पर्धक